पितळेचे पातेले आणि बाळाचे यकृत

प्रास्ताविक

वैद्यकीय संशोधन म्हटले की मोठी प्रयोगशाळा, महागडी यंत्रे आणि पांढरा डगला घातलेले शास्त्रज्ञ डोळ्यांसमोर येतात. परंतु काही वेळा संशोधनाची वाट स्वयंपाकघरातून जाते. लहान मुलांच्या यकृताचा नाश करणाऱ्या एका रोगाचा शोध घेताना पुण्यातील डॉक्टरांना उत्तर सापडले ते चुलीवरच्या दुधाच्या पातेल्यात. या शोधाची हकिकत प्रस्तुत पाठात सांगितली आहे. यकृत निकामी झाल्यावर ते बदलण्याची शस्त्रक्रिया आणि यकृत निकामीच होऊ नये म्हणून केलेला उपाय, या दोहोंतील नातेही या पाठातून स्पष्ट होते.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

१. यकृताचे कार्य व सिरोसिस हा विकार थोडक्यात सांगता येईल.
२. एखाद्या रोगाचे कारण शोधताना संशोधक कोणत्या पायऱ्यांनी पुढे जातात, ते स्पष्ट करता येईल.
३. रोगप्रतिबंध आणि यकृत प्रत्यारोपण यांची तुलना करता येईल.
४. वैज्ञानिक विषयावरील उताऱ्यातील मुद्दे स्वतःच्या शब्दांत मांडता येतील.

मूळ पाठ

१. घरोघरीची पितळ

झाशी हे नाव मराठी माणसाला राणी लक्ष्मीबाईंमुळे आपले वाटते. मराठेशाहीच्या काळात अनेक मराठी कुटुंबे झाशी, ग्वाल्हेर, इंदूर अशा ठिकाणी जाऊन स्थायिक झाली. जाताना त्यांनी आपली भाषा, सणवार आणि स्वयंपाकाच्या रीती बरोबर नेल्या. पुण्याच्या वाड्यातील स्वयंपाकघर असो की झाशीच्या घरातील, फडताळात पितळी पातेली, तपेली, कळशा आणि डबे ओळीने मांडलेले असत. लेकीच्या लग्नात पितळी भांडी देण्याची पद्धत होती. चिंच लावून घासलेली लखलखीत पितळ हा गृहिणीच्या अभिमानाचा विषय होता.

या भांड्यांचा एक दोषही घराघरांत ठाऊक होता. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू आहे. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक, चिंचेची आमटी किंवा लोणचे ठेवले की ते कळकते. त्याला हिरवट छटा येते व चव बिघडते. म्हणून दारावर कल्हईवाला आला की गृहिणी भांडी बाहेर काढत. तो भट्टीवर भांडे तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथलाचा पातळ थर आतून फिरवीत असे. कल्हई केलेले भांडे चांदीसारखे चमके आणि त्यात आंबट पदार्थ सुरक्षित राहत. मात्र वापराने ही कल्हई झिजते. शिवाय दूध आंबट नसते, ते डोळ्यांना दिसेल असे कळकत नाही. त्यामुळे दुधाच्या पातेल्याला कल्हई हवीच, असे कोणाला वाटत नसे.

२. बाळाचे पोट का वाढले?

यकृत हा आपल्या पोटातील उजव्या बाजूचा, बरगड्यांखाली असलेला मोठा अवयव आहे. प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो असते. अन्नातून आलेल्या द्रव्यांवर प्रक्रिया करणे, पित्त तयार करणे, रक्त गोठण्यासाठी लागणारी प्रथिने बनविणे आणि विषारी द्रव्ये निष्प्रभ करणे ही त्याची काही कामे होत. यकृताच्या पेशी सतत नष्ट होत राहिल्या, तर त्यांच्या जागी तंतुमय व्रण तयार होतात. मऊ यकृत कठीण व गाठाळ बनते. या अवस्थेला सिरोसिस म्हणतात.

सिरोसिस म्हटले की लोकांना दारूचे व्यसन आठवते. परंतु भारतात एकेकाळी दूधपित्या मुलांना सिरोसिस होत असे. कोलकात्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ मध्ये या रोगाचे पहिले वर्णन केले. पुढे तो ‘भारतीय बाल-सिरोसिस’ या नावाने जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत नोंदला गेला. तो प्रामुख्याने सहा महिने ते पाच वर्षे या वयातील मुलांना होई. मूल किरकिरे बनत असे, भूक मंदावत असे, पोट हळूहळू वाढू लागे. डॉक्टरांच्या हाताला यकृताची कडा कठीण व धारदार लागे. नंतर कावीळ होई, पोटात पाणी साठे. एकदा कावीळ दिसली की बहुतेक मुले काही महिन्यांतच दगावत.

या रोगाची एक बाब विशेष क्लेशदायक होती. एकाच घरात एका मुलानंतर दुसरे मूलही त्याच रोगाने जाण्याची उदाहरणे वारंवार आढळत. तसेच ग्रामीण भागातील, बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेल्या कुटुंबांत त्याचे प्रमाण अधिक दिसे. उपासमारीने होणारा हा रोग नव्हता. मग तो कशामुळे होत असावा? विषाणू, कुपोषण, आनुवंशिकता, आहारातील एखादे विष असे अनेक तर्क झाले. जवळजवळ नव्वद वर्षे त्यांतील एकही तर्क सिद्ध झाला नाही.

३. सुगावा

पहिला ठोस सुगावा सूक्ष्मदर्शकाखाली लागला. ऑर्सीन नावाच्या रंगद्रव्याने यकृताच्या पेशींतील, तांब्याशी जोडलेली प्रथिने रंगविता येतात. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. या रोगाने पीडित बालकांच्या यकृतात ऑर्सीनने रंगणारे कण मोठ्या प्रमाणावर आहेत, असे त्यात दाखविले होते. पुढच्याच वर्षी प्रत्यक्ष मोजणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निरोगी प्रौढ माणसाच्या एक ग्रॅम कोरड्या यकृतात साधारणपणे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबे असते. या बालकांच्या यकृतात ते कित्येक शेकडे, काहींत तर कित्येक हजार मायक्रोग्रॅम होते.

या संशोधनात ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांचा सहभाग होता. आता प्रश्न बदलला. ‘यकृत का बिघडते?’ याऐवजी ‘एवढे तांबे बाळाच्या पोटात येते कोठून?’ असे विचारणे आवश्यक झाले. त्याचे उत्तर लंडनच्या प्रयोगशाळेत मिळणे शक्य नव्हते. ज्या घरांत ही मुले वाढत होती, त्या घरांतच ते शोधावे लागणार होते.

४. चुलीजवळ विचारलेले प्रश्न

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांच्याकडे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांतून अशी मुले उपचारांसाठी येत. त्यांनी डॉ. टॅनर यांच्यासह मातांना साधे प्रश्न विचारले. बाळाला अंगावरचे दूध किती महिने पाजले? वरचे दूध केव्हा सुरू केले? ते गाईचे की म्हशीचे? दूध कोणत्या भांड्यात तापवले? तापवल्यावर ते कोणत्या भांड्यात ठेवले? भांड्याला कल्हई होती का?

केवळ आजारी मुलांच्या घरी प्रश्न विचारून भागत नाही. पितळ तर सर्वत्रच होती. तेव्हा हेच प्रश्न निरोगी मुलांच्या मातांनाही विचारावे लागतात. दोन्ही गटांतील उत्तरांत फरक आढळला, तरच त्या उत्तराला अर्थ प्राप्त होतो. या दुसऱ्या गटाला तुलनागट म्हणतात.

उत्तरांतून एक चित्र स्पष्ट झाले. आजारी पडलेल्या मुलांना लहान वयातच वरचे दूध सुरू झाले होते आणि ते पितळी भांड्यात तापवून ठेवण्याची रीत त्यांच्या घरी अधिक होती. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये टॅनर, भावे, पंडित व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तांब्याने दूषित झालेले जनावराचे दूध बाळाला लवकर सुरू करणे, हे या रोगाचे संभाव्य कारण असल्याचे त्यात मांडले होते. ‘संभाव्य’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. संशोधक पुरावा असेल तेवढेच बोलतो. १९८७ मध्ये रुग्ण बालके व त्यांच्या जोडीची निरोगी बालके यांच्या आहाराची तुलना करणारा निबंध प्रसिद्ध झाला आणि पुरावा अधिक बळकट झाला.

५. दूध आणि तांबे

दूध आंबट नसतानाही त्यात तांबे कसे उतरते? दुधात केसीन नावाचे प्रथिन असते. पितळी भांड्यात दूध तापवले किंवा ठेवले की भांड्यातून सुटणारे तांबे या प्रथिनाला चिकटून राहते. भांड्याला चांगली कल्हई असेल, तर कथलाचा थर दुधाला पितळेपासून दूर ठेवतो.

तेच दूध पिऊन घरातील मोठी माणसे आजारी कशी पडत नसत? शरीराला अल्प प्रमाणात तांब्याची गरज असते. जादा तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा असतो आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची क्षमता पुरेशी विकसित झालेली नसते. शिवाय मोठा माणूस दिवसभरात अनेक पदार्थ खातो. बाळाचे सारे अन्न म्हणजे ते दूधच. आईच्या दुधाचा भांड्याशी संबंधच येत नाही, म्हणून अंगावर पिणारे बाळ या धोक्यापासून दूर राहते.

६. उपाय

या संशोधनातून दोन उपाय पुढे आले. पहिला उपाय औषधाचा. शरीरातील तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध विल्सन रोगात वापरले जात होते. पुण्यातील डॉक्टरांनी ते या मुलांना दिले. कावीळ होण्यापूर्वी, रोगाच्या आरंभीच औषध मिळालेली अनेक मुले जगली. १९९६ मध्ये डॉ. आशिष बावडेकर, डॉ. भावे, डॉ. पंडित व सहकाऱ्यांनी अशा मुलांविषयीचा दीर्घकालीन अहवाल प्रसिद्ध केला. वाचलेल्या मुलांचे यकृत वर्षानुवर्षे सुधारत गेले होते आणि औषध थांबविल्यावरही रोग परतला नव्हता. मात्र उशिरा आलेल्या मुलांच्या बाबतीत औषधाचाही इलाज चालत नसे.

दुसरा उपाय अगदी साधा होता : बाळाला अंगावरच पाजा, वरचे दूध देणे भाग पडले तर ते पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवू नका व ठेवू नका. त्यासाठी स्टीलचे किंवा जर्मनचे भांडे पुरेसे होते. हा सल्ला देणे मात्र तितकेसे सोपे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या पवित्र मानलेल्या धातूला दोष द्यायचा होता आणि मूल गमावलेल्या मातेला, तिच्या मनाला अपराधाची टोचणी न लागू देता, हे सांगायचे होते. त्या मातेने दूध काळजीपूर्वक तापवले होते, स्वच्छ घासलेल्या भांड्यात झाकून ठेवले होते. तिच्या मायेत काही उणे नव्हते. उणीव होती ती ज्ञानाची आणि ती त्या काळी डॉक्टरांपाशीही होती.

भांडी बदलली तसा रोग ओसरू लागला. १९९२ मध्ये या रोगाच्या प्रतिबंधाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत पुण्याबरोबर चंडीगडचे बालरोगतज्ज्ञही होते. त्याच काळात स्टीलची भांडी स्वस्त होऊन घरोघरी पोहोचली होती. पूर्वी रुग्णालयांत नेहमी दिसणारा हा रोग विसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ दिसेनासा झाला.

७. दूरच्या गावाची साक्ष

सर्व शास्त्रज्ञांनी हा निष्कर्ष एकमुखाने स्वीकारला नाही. पितळ लाखो घरांत होती, मग रोग थोड्याच मुलांना का झाला, असा आक्षेप घेतला गेला. तो रास्तही होता. या आक्षेपाला ऑस्ट्रियातील तिरोल या डोंगराळ प्रांतातून साहाय्यक पुरावा मिळाला. तेथील एका ग्रामीण भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच यकृतविकाराने दगावली होती. तेथे गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत ठेवण्याची रीत होती. भांडी बदलली आणि रोग नाहीसा झाला. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात हा रोग आनुवंशिक दुर्बलता आणि तांब्याने दूषित दूध या दोहोंच्या संयोगाने होत असल्याचे मांडले गेले. भारतातील रोगाबाबतही काही मुलांत अशी उपजत दुर्बलता असावी, असे अनेक तज्ज्ञ मानतात. माणसाची आनुवंशिकता बदलता येत नाही. भांडे बदलता येते.

८. यकृताचे प्रत्यारोपण

रोग थांबविता आला नाही आणि यकृत पूर्णपणे निकामी झाले, तर अखेरचा उपाय उरतो तो प्रत्यारोपणाचा. अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये माणसावर यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला. तो रुग्ण वाचला नाही. १९६७ मध्ये त्यांच्या हातून झालेल्या शस्त्रक्रियेनंतर एक बालिका वर्षाहून अधिक काळ जगली. शरीर परका अवयव नाकारते, ही मोठी अडचण होती. १९८० नंतरच्या दशकात सायक्लोस्पोरिन या औषधामुळे ती बरीच दूर झाली.

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला. या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली आणि अवयवांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घातली. १९९८ मध्ये दिल्ली येथे एका लहान मुलावर देशातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले. त्या मुलाला त्याच्या वडिलांनी आपल्या यकृताचा तुकडा दिला होता. यकृताचा काही भाग काढून घेतला तरी उरलेला भाग वाढून पुन्हा पुरेसा मोठा होतो, म्हणून जिवंत दात्याला हे दान करता येते. आज देशातील अनेक शहरांत ही शस्त्रक्रिया होते. जन्मजात पित्तनलिकांचा दोष असलेल्या मुलांना तिने जीवदान दिले आहे. परंतु तिचा खर्च मोठा असतो, दाता मिळणे कठीण असते आणि रुग्णाला पुढे दीर्घकाळ औषधे घ्यावी लागतात.

के.ई.एम. रुग्णालयात ही मुले दगावत होती, तेव्हा देशात प्रत्यारोपणाची सोय नव्हती. ती असती तरी खेड्यातील किती आईबापांना परवडली असती? त्यांच्या मुलांना वाचविणारी गोष्ट बाजारात मिळणारे एक स्टीलचे पातेले होती. ते पातेले हाती देण्यासाठी मात्र सूक्ष्मदर्शकाखालील कणांपासून चुलीपर्यंतचा माग काढणारे, विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरे जगापुढे तपासणीसाठी मांडणारे संशोधक लागले. मोडलेले दुरुस्त करण्याची विद्या थोर आहेच. मोडू नये म्हणून कारण शोधणारी विद्या तिच्याहून शांतपणे काम करते. जी मुले आजारीच पडली नाहीत, त्यांची नावे कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत सापडत नाहीत.

शब्दार्थ

कल्हई – पितळी वा तांब्याच्या भांड्याला आतून दिलेला कथलाचा थर
कळकणे – धातूच्या संपर्काने पदार्थ बिघडणे
जर्मनचे भांडे – ॲल्युमिनियमचे भांडे
सुगावा – माग, खूण
तुलनागट – तुलना करण्यासाठी निवडलेला निरोगी व्यक्तींचा गट
प्रतिबंध – रोग होण्यापूर्वीच केलेली अटकाव-योजना
प्रत्यारोपण – एका शरीरातील अवयव दुसऱ्या शरीरात बसविणे

पाठगत प्रश्न

अ) रिकाम्या जागा भरा.

१. पितळ हा तांबे व ______ यांचा मिश्रधातू आहे.
२. दुधातील ______ या प्रथिनाला तांबे चिकटून राहते.
३. भारतातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण ______ मध्ये झाले.

आ) चूक की बरोबर ते सांगा.

१. रोगाची कावीळ दिसल्यावर दिलेले औषध सर्वाधिक परिणामकारक ठरत असे.
२. तिरोल प्रांतात भांडी बदलल्यावर रोग नाहीसा झाला.

तुम्ही काय शिकलात?

• सिरोसिस केवळ व्यसनामुळेच होतो असे नाही.
• रोगाचे कारण शोधताना निरीक्षण, मोजणी, तुलना आणि पडताळा या पायऱ्या आवश्यक असतात.
• संशोधक आपला निष्कर्ष पुराव्याच्या मर्यादेतच मांडतो आणि आक्षेपांचा विचार करतो.
• प्रत्यारोपण जीवदान देते, तथापि प्रतिबंध अधिक लोकांपर्यंत पोहोचू शकतो.

स्वाध्याय

१. आजारी मुलांच्या मातांना विचारलेले प्रश्न निरोगी मुलांच्या मातांनाही विचारणे का आवश्यक होते? चार-पाच वाक्यांत लिहा.
२. ‘माणसाची आनुवंशिकता बदलता येत नाही. भांडे बदलता येते.’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. एखाद्या मातेला जुनी सवय सोडण्याचा सल्ला द्यायचा आहे. तिला दोष न देता तो कसा द्याल? आरोग्यसेविका व माता यांच्यातील संवाद लिहा.
४. तुमच्या घरातील वा शेजारच्या वडीलधाऱ्यांना पितळी भांडी व कल्हई यांविषयी विचारा आणि मिळालेली माहिती दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

अ) १. जस्त २. केसीन ३. १९९८
आ) १. चूक २. बरोबर